जांभळ्या रंगाची साक्ष

रस्ते रंगवणाऱ्या माणसांबद्दल मास्तरांचं मत फार वाईट होतं. तसं त्यांचं मत बहुतेक सगळ्यांबद्दलच वाईट असे; त्या दिवशी पाळी रस्ते रंगवणाऱ्यांची होती, इतकंच.

“हे बघ,” स्टिअरिंगवरचा एक हात उचलून ते म्हणाले, “सरळ रेघ मारायची, एवढं एक काम. आणि मारलीय कशी? गांडूळ वळवळत गेल्यासारखी! पिऊन येतात लेकाचे कामावर.”

मागच्या सीटवरून धाकटीने काचेबाहेर पाहिलं. रस्त्याच्या मधली पांढरी रेघ पट्टीने आखावी तशी सरळ होती.

मास्तर म्हणजे तिच्या ताईचे यजमान. मोटार शिकवण्याची शाळा चालवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. धाकटी ही त्यांची मेहुणी. घरात ती धाकटी आणि एका मोठ्या संशोधन संस्थेत ‘मॅडम’. दोघांचं पटत नव्हतं असं म्हणणं म्हणजे विस्तवाला कोमट म्हणण्यासारखं होईल. ती त्यांना अडाणी म्हणे, तोंडावर. ते तिला पुस्तकातली अळी म्हणत, तेही तोंडावर. ताई दोघांना वाढत असे.

“भावोजी, गाडी बाजूला घ्या.”

“का? उलटी होतेय?”

“घ्या म्हणते ना.”

गाडी थांबली. धाकटीने समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. “उजवा डोळा झाका. त्या खिडक्यांच्या चौकटी कशा दिसतात?”

“वाकड्या. गवंडी पण त्याच लायकीचे.”

“आता डावा झाका.”

मास्तरांनी डावा डोळा झाकला. मग हात खाली घेतला, आरशात पाहिलं आणि गाडी रस्त्यावर आणली. चौक ओलांडल्यावर म्हणाले, “या डोळ्याने गवंडी जरा बरे वाटतात.”

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला, एक पातळ पडदा असतो. आपण जे काही पाहतो त्याचं चित्र आधी त्या पडद्यावर उमटतं. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पडदा मधोमध सुजतो आणि ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद फुगावा तसा फुगतो. फुगलेल्या कागदावर सरळ रेघ सरळ कशी दिसणार? मास्तरांना साखरेचा आजार जुना होता. वर्षाच्या सुरुवातीलाच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, उशीर करू नका. धाकटीला वाटत होतं की ती चालू असतील.

ताईकडे पोचल्या पोचल्या तिने विचारलं, “यांची इंजेक्शनं कुठवर आली?”

ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मिक्सर चालू होता. तो बंद करायची तिला काही घाई दिसेना.

“ताई!”

“अगं, ते घेत नाहीत. दारापर्यंत गेले होते एकदा. चप्पल काढली, परत घातली आणि आले घरी.” तिने मिक्सरचं झाकण उघडलं. आत गर्द हिरवा लगदा होता. “त्यापेक्षा हे घेतात. रोज सकाळ-संध्याकाळ. तूच शोधलंयस ना? आम्हाला वाटलं, तुला आनंद होईल.”

धाकटीला आनंद झाला नाही. तिला संताप आला, आणि त्याचं मूळ होतं पेपरातल्या एका बातमीत.

कुंपणावर वाढणाऱ्या एका कडू पानाच्या वेलीवर तिची प्रयोगशाळा काम करत होती. कल्पना साधी होती. साखर जास्त झाली की पडद्याच्या पेशींमध्ये ती नीट जळत नाही. ओली लाकडं घातलेली चूल धुमसावी तशा त्या पेशी आतल्या आत धुमसतात आणि स्वतःच्याच धुराने मरतात. झाडांना मात्र दिवसभर उन्हात उभं राहायचं असतं, म्हणून कित्येक झाडांच्या पानांत असा धूर शोषून घेणारी द्रव्यं तयार होतात. मग पानांतली ही द्रव्यं काढून धुमसणाऱ्या पेशींना दिली तर? धाकटीने दिली. पेशी वाचल्या. संशोधनाच्या मासिकात शोधनिबंध छापून आला. इथवर सगळं ठीक होतं.

पण संस्थेचे संचालक होते भाषणराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण दोन माणसं जमली की त्यांना घसा खाकरावासा वाटे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना हेच म्हणत. पेशी वाचल्याचं कळल्यावर त्यांनी पेपरवाल्यांना बोलावलं. स्वतः मध्ये उभे राहिले, धाकटीला कडेला उभं केलं आणि पाऊण तास बोलले. या पाऊण तासात त्यांनी पेशी हा शब्द एकदाही उच्चारला नाही. ‘रुग्ण’, ‘दृष्टी’ आणि ‘क्रांती’ हे शब्द मात्र पेरणी केल्यासारखे फेकले. धाकटीने शेवटी सांगितलं होतं की हे फक्त काचेच्या भांड्यातल्या पेशींवर पाहिलंय, माणसांवर नाही. पेपरवाल्याने ते वाक्य जागा पुरत नाही म्हणून कापलं. बातमीचा मथळा आला: ‘कुंपणावरच्या वेलीत डोळ्यांचं अमृत’.

“भावोजी,” ती जेवताना म्हणाली, “माणसाने पेपर वाचावा, पण अक्कल गहाण ठेवून वाचू नये. हा पाला आहे. शेळीने खावा.”

“शेळीला चष्मा लागलेला पाहिलायस कधी?” मास्तरांनी हिरवा पेला तोंडाला लावला, चेहरा वेडावाकडा केला आणि रिकामा करून खाली ठेवला. “आणि मला काय सांगतेस? पेपरात तूच म्हणालीस. फोटो आहे तुझा. गाडीत लावलाय मी, शिकाऊ लोकांना दिसेल असा.”

“मी शुद्ध केलेल्या द्रव्याबद्दल बोलले होते! कुठे ते आणि कुठे तुमचा हा मिक्सरमधला चिखल! तुमच्या पेल्यातला एक थेंबही डोळ्यापर्यंत पोचत नसेल.”

“नसेल? म्हणजे माहीत नाही.”

“मला माहीत आहे.”

“मग दाखव.”

“दाखवतेच,” धाकटी म्हणाली. “ताई, एका बाटलीत भरून दे गं तो चिखल.”

घरी जाताना तिच्या डोक्यात पुढचं सगळं चित्र तयार होतं. मास्तरांचा रस नापास होईल, तिचं द्रव्य पास होईल, आणि तो निकाल ती त्यांच्यासमोर ताटात वाढल्यासारखा ठेवेल. अडाणी माणसाला अडाणी सिद्ध करण्याइतकं सोपं आणि गोड काम दुसरं नाही, असं तिला वाटत होतं. डोळे वाचवायचे होते हे खरंच. पण नाक कापायची संधी त्याच्याबरोबर फुकट मिळत होती, आणि ती सोडायला ती काही साधू नव्हती.

हे काम कसं चालतं ते समजून घ्यायला हवं. तळहाताएवढी एक पारदर्शक प्लेट असते आणि तिच्यात बोटाचं टोक मावेल न मावेल असे खळगे असतात, रांगेने. खळग्यांत पोषक द्रव घालून पेशी वाढवायच्या. त्यांना जास्त साखर द्यायची, म्हणजे त्या धुमसायला लागतात. मग काही रांगांत पानांचं द्रव्य घालायचं, काहींत नाही. कोण जगलं, कोण मेलं हे शेवटी ओळखायचं कसं? पेशी काही हात वर करून ‘हजर’ म्हणत नाहीत. त्यासाठी एक पिवळा रंग असतो. जिवंत पेशीच्या पोटात गेला की तो जांभळा होतो. मेलेल्या पेशीपाशी पिवळाच राहतो. जितकं जांभळं, तितकं जिवंत. यंत्र जांभळेपणा मोजून आकडा देतं.

जगभरात बहुतेक जण हा रंग घालण्यापूर्वी खळगे धुऊन घेतात. पण पडद्याच्या या पेशी तळाला घट्ट धरून बसत नाहीत. धुताना निम्म्या वाहून जातात आणि आकडे वर-खाली होतात. म्हणून न धुताच, औषधावरच रंग घालायची पद्धत धाकटीने बसवली होती. तिला त्या पद्धतीचा अभिमान होता. तिच्याकडचे आकडे कसे एका रांगेत येत! दुसऱ्या एका प्रयोगशाळेतले लोक अजून धुतात हे ऐकून ती एकदा म्हणाली होती, “धुवू देत. काही जणांना परटाचाच धंदा जमतो.”

या खेपेला तिने काही रांगांत आपलं शुद्ध द्रव्य घातलं, काही रांगांत मास्तरांचा गाळलेला रस, आणि काही नुसत्या ठेवल्या. प्लेट उबवणीच्या पेटीत गेली. ही पेटी पेशींना शरीराइतकी ऊब देते. ठरल्या दिवशी तिने प्लेट बाहेर काढली, सवयीने भराभर पिवळा रंग घातला, आणि पेटीत परत ठेवायला वळली तेव्हा तिला हाताला धग लागली. पेटीचा उष्णतेचा काटा पार कडेला जाऊन टेकला होता. आतलं काहीतरी बिघडलं होतं आणि पेटीने पेशींना ऊब देण्याऐवजी उकडून काढलं होतं.

तिने प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळ्या खळग्यांत एकच दृश्य. तळाला धरून बसलेल्या लांबट पेशी कुठेच नव्हत्या. सुटून, गोळा होऊन, फुटून तरंगत होत्या. एकही जिवंत नव्हती. ना तिच्या द्रव्याच्या रांगेत, ना मास्तरांच्या रसाच्या.

“गेलं सगळं मुसळ केरात,” ती स्वतःशीच म्हणाली. प्लेट तिने टेबलावर टाकली, पेटी दुरुस्त करणाऱ्याला फोन केला, तो दुसऱ्या पेटीचं दुखणं सांगायला लागला तेव्हा त्याच्यावर ओरडली, आणि मग भाषणरावांनी बोलावलेल्या सभेला जाऊन बसली. सभेचा विषय होता ‘वेळेचं महत्त्व’. सभा जेवणाची वेळ उलटून गेल्यावर संपली.

परत आल्यावर तिने प्लेट फेकायला उचलली आणि तिचा हात तसाच राहिला.

नुसत्या रांगा पिवळ्या होत्या. बरोबरच होतं, मेलेल्या पेशींनी पिवळंच राहायला हवं. पण तिच्या द्रव्याच्या रांगा जांभळ्या झाल्या होत्या. गडद, देखण्या. निबंधात छापल्या होत्या अगदी तशा. आणि त्यांच्या शेजारी मास्तरांच्या चिखलाच्या रांगा, त्याही जांभळ्या.

ती खाली बसली. उकडून मेलेल्या पेशी ओरडून सांगत होत्या की आम्ही ठणठणीत आहोत.

उत्तर कळायला तिला फार वेळ लागला नाही. हुशार होती, हेच तर दुःख. धूर शोषणाऱ्या द्रव्याचा जो गुण, त्याच गुणाने ते पिवळ्या रंगालाही जांभळं करतं. त्याला पेशीची गरजच नाही. तिने नवी प्लेट घेतली, एकही पेशी न घालता रिकाम्या खळग्यांत द्रव्य टाकलं, पिवळा रंग टाकला. रिकामे खळगे जांभळे झाले. मग दुसऱ्या चांगल्या पेटीत तिने सगळा प्रयोग पुन्हा केला, पण या वेळी रंगाआधी खळगे धुतले, परटासारखे, हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा. धुतल्यावर वेलीचा सगळा गुण मोरीत वाहून गेला. द्रव्य दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी सारख्याच मेल्या होत्या.

कुंपणावरची ती वेल पडद्याच्या एकाही पेशीला वाचवत नव्हती. तिने कधी वाचवलंच नव्हतं.

ती प्लेट घेऊन भाषणरावांकडे गेली. त्यांनी प्लेट उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “सुंदर रंग आलाय.”

“सर, आत पेशीच नाहीत.”

“हो का?” त्यांनी प्लेट खाली ठेवली, जरा लांबच. “असं बघा मॅडम, विज्ञान ही नदी आहे. आज इकडून वाहते, उद्या तिकडून. आपण काठावर बसून आरडाओरडा करायचा नसतो.”

“निबंध मागे घ्यायला हवा.”

“निबंधावर पहिलं नाव कुणाचं आहे?”

“माझं.”

“बघा, विचार करा. आणि तशीही पानंच आहेत. पानांनी कुणाचं वाईट होतं?”

धाकटीला या माणसाची कीव यायची, किळस यायची, कधीकधी हसू यायचं. आज तिला पहिल्यांदा त्यांच्याशेजारी उभं राहून आरशात पाहिल्यासारखं वाटलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. “वाईट होतं, सर,” ती म्हणाली. “जो माणूस पानं पितो तो इंजेक्शन घेत नाही.” निबंध मागे घेत असल्याचं तिने मासिकाला त्याच दिवशी कळवून टाकलं. भाषणराव त्यावर निश्चितच कुठेतरी भाषण करणार होते.

मासिकाला कळवणं सोपं गेलं. मासिक काही तुमच्याकडे बघून हसत नाही. अवघड होतं ते मास्तरांकडे जाणं.

ती गेली तेव्हा मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. हिरवा पेला समोर होता. डाव्या डोळ्यापुढे आता काळे धागे तरंगतात, असं ताईने दारातच कुजबुजून सांगितलं होतं, मास्तरांनी कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं असतानाही.

“या, मेहुणीबाई! काय म्हणतो आमचा चिखल? पास की नापास?”

धाकटीने शब्दांनी सांगण्यापेक्षा दाखवायचं ठरवलं होतं. पिशवीतून तिने काचेची एक छोटी नळी काढली. “हा पिवळा रंग. पेशी मेल्या की पिवळा राहतो, जगल्या की जांभळा होतो. यात आता एकही पेशी नाही. नुसता रंग आहे. तुमचा रस घालते, बघत राहा.”

तिने पेल्यातले काही थेंब नळीत टाकले. जेवणं होईपर्यंत नळी टेबलावर उभी होती. ताटं उचलेपर्यंत तिच्यात जांभळे कण धरले आणि तळाशी बसायला लागले.

मास्तरांनी नळी उजव्या डोळ्याजवळ धरली. चेहरा उजळला. “अगं, झाला की जांभळा!” त्यांनी ताईला हाक मारली. “ऐकलंस का? तुझ्या मिक्सरने प्रयोगशाळेची बरोबरी केली! मी म्हणत नव्हतो?” आणि त्यांनी पेल्यात उरलेला रस घटाघटा पिऊन टाकला.

“अहो, नाही! उलट! तसं नाही ते!”

“जांभळं म्हणजे जिवंत. तूच म्हणालीस आत्ता.”

“पण आत कुणी नव्हतंच ना!”

“मग जांभळं कशाने झालं? औषध आहे म्हणूनच ना?”

धाकटीच्या तोंडाशी ‘अडाणी’ आलं होतं, अगदी जिभेच्या शेंड्यावर. नेहमी ते आपसूक बाहेर पडायचं. आज तिला दिसलं की हाच तर्क स्वतःला जगात सगळ्यात शहाणी समजणाऱ्या बाईने केला होता, आणि तिने तो छापूनही आणला होता. तिने शब्द गिळला. तो हिरव्या रसाहून कडू निघाला.

मग ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. समोर नाही, शेजारी.

“भावोजी, तुमच्या गाडीत शेजारच्या सीटखाली पण ब्रेक आहे ना?”

“ब्रेक आहे, क्लच आहे. नाहीतर मी आजवर जिवंत राहिलो असतो?”

“समजा, परीक्षेच्या दिवशी एक शिकाऊ बसलाय. तुम्ही शेजारी. परीक्षक लांब उभा आहे, त्याला फक्त गाडी दिसते. चौक आला, गाडी झक्क थांबली. वळण आलं, गाडी हळू झाली. परीक्षक काय म्हणेल?”

“म्हणेल, पोरगा तयार आहे.”

“आणि ब्रेक सगळे तुम्ही दाबले असतील तर?”

मास्तर हसले. “असं एकदा... ते जाऊ दे. तर तो परीक्षक गाढव.”

“आता इकडे बघा. परीक्षक म्हणजे हा रंग. शिकाऊ म्हणजे पेशी. शेजारच्या सीटवर बसला होता हा रस. ब्रेक रसानेच दाबले. रंगाने पाहिलं, म्हणाला, पेशी जिवंत आहे.”

मास्तरांचं हसू हळूहळू उतरलं. नळी त्यांनी टेबलावर ठेवली. “आणि शिकाऊ? तो काय करत होता?”

“मेला होता, भावोजी. गाडीत प्रेत होतं.”

ताई पदराने हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. मास्तरांनी खाटेवर पडावं तसं खुर्चीत अंग सैल सोडलं.

“म्हणजे तुझ्या प्रयोगात पण...”

“माझ्या प्रयोगात पण. पहिल्यापासून. रस चिखल आहे आणि माझं शुद्ध द्रव्य म्हणजे गाळलेला चिखल. मी चुकले.”

हे वाक्य तिला आयुष्यात कधी म्हणावं लागलं नव्हतं, निदान या घरात तरी नाही. ती त्यांच्या हसण्याची वाट पाहत राहिली. मास्तर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

“लग्न झाल्यापासून मला अडाणी म्हणतेस,” ते सावकाश म्हणाले. “मी पण अळी म्हणतो, ते सोड. पण मनात म्हणायचो, म्हणू दे. तिला कळतं. घरात एकाला तरी कळतं. माझ्याकडे येणारं पोरगं गाडी भिंतीवर घालेल म्हणून मी त्याला सतरा वेळा परत बोलावतो. आणि तू परीक्षाच न घेता लायसन्स देऊन टाकलंस?”

“हो.”

“त्या लायसन्सवर मी डोळा चालवला, बाई.”

धाकटीच्या हुशारीत अशा वाक्याची सोय नव्हती.

“उद्या इंजेक्शनला चला,” ती म्हणाली.

“आता का म्हणून तुझं ऐकू? उद्या म्हणशील, ते पण चुकलं होतं.”

“ते माझं नाही. ते हजारो माणसांच्या डोळ्यांवर तपासलंय. त्यात मी कुठेच नाही.”

“मग जरा विश्वास ठेवण्यासारखं आहे,” मास्तर म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “पण डोळ्यात सुई घालतात गं ते. उघड्या डोळ्यात. येताना दिसते म्हणे. मी तिथे बाकावर बसलो होतो ना, तर आतून एक म्हातारी बाहेर आली. चांगली हसत आली होती. पण मला नाही जमलं. तुझी बातमी आली तेव्हा वाटलं, सुटलो.”

ताई म्हणाली, “मला तर सांगितलंत, डॉक्टर पैसेखाऊ आहे म्हणून.”

“मग काय सांगू, मास्तर घाबरला म्हणून?”

धाकटीने त्यांना इतकी वर्षं पाहिलं होतं, पण ज्या माणसाला तुच्छ मानायचं त्याच्याकडे आपण नीट बघत नाही. बघायची गरज वाटत नाही. “सुई दिसत नाही,” ती म्हणाली. “बाजूने देतात, तुम्हाला दुसरीकडे बघायला सांगून. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. दाबल्यासारखं वाटतं. मी येते बरोबर.”

“ये. पण गाडी मी चालवणार नाही. आणि तू तर नाहीच. बसने जाऊ.”

दवाखान्यातला बाक लांबलचक होता आणि माणसांनी भरला होता. आधी डॉक्टरांनी मास्तरांचे डोळे तपासले आणि गोड न बोलता सांगितलं. उजवा डोळा वेळेत आलाय, सांभाळता येईल. डाव्यात आतून रक्त उतरलंय, काही भाग कायमचा गेला. उरलेलं राखायचा प्रयत्न करू. काही महिने आधी आला असतात तर. ते ‘तर’ त्यांनी पुरं केलं नाही. धाकटीने मनात पुरं केलं.

डोळ्यात थेंब घालून मास्तरांना पुन्हा बाकावर बसवलं. भीती वाटली की त्यांचं तोंड सुटायचं. त्यांनी शेजारच्यांना सांगायला सुरुवात केली. “ही माझी मेहुणी. शास्त्रज्ञ आहे. पेपरात फोटो आला होता, कुंपणावरच्या वेलीचं शोधलं ना, तीच ही.”

बाकावर हालचाल झाली. पलीकडची एक बाई पुढे वाकली. जाड चष्मा, मांडीवर नातीचं दप्तर. “अय्या, तुम्हीच का त्या! मी घेते ना रोज. यांनापण देते. किती घ्यायचं असतं हो? जेवणाआधी की नंतर?”

“आमच्याकडे वाळवून घेतात,” एक म्हातारा म्हणाला. “वाळवल्याने गुण जातो का?”

धाकटीने मास्तरांकडे पाहिलं. थेंबांनी त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यातून ते तिच्याकडेच पाहत होते, शिकाऊकडे पाहावं तसे, एक पाय ब्रेकवर ठेवून.

“त्याने काही होत नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या पानांनी डोळ्यांना काही होत नाही. आमचा प्रयोग चुकला होता. माझा चुकला होता.”

बाईने चष्म्यातून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते धाकटीने लगेच ओळखलं. ती नजर तिच्या घरचीच होती. आजवर ती फक्त तिच्याकडून दुसऱ्यांकडे जायची.

“मग पेपरात कशाला दिलंत?” बाई म्हणाली. “शिकलेली माणसं ना तुम्ही?”

नर्सने मास्तरांना हाक मारली. ते उठले, भिंतीला हात लावून दारापर्यंत गेले, चप्पल काढली. क्षणभर थबकले. धाकटी उठायला लागली तशी त्यांनी मागे न बघताच हाताने तिला बसवलं. “तू इथलं बघ,” म्हणाले, आणि आत गेले. दार लागलं. आतून त्यांचा आवाज आला, “डॉक्टर, आधी आरसे बघून घ्या.”

बाकावरची सगळी माणसं धाकटीकडे पाहत होती. बाईने दप्तर दुसऱ्या मांडीवर घेतलं. “प्रयोग चुकतो म्हणजे काय हो?” ती तुटकपणे म्हणाली. “रस घेऊन मला तर बरं वाटतं.”

धाकटीने बाकावर जरा सरकून आपल्या शेजारी जागा केली.

“इकडे या,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगते. नाही समजलं तर मध्येच थांबवा मला.”